खोलगट चेहरा

डावा डोळा गेला तेव्हा दादानं सगळ्यात आधी माझी खुर्ची हलवली.

दवाखान्यातून घरी आले आणि सवयीनं कारखान्यात डोकावले, तर माझं टेबल भिंतीला लावलेलं, त्यावर रंगाचे डबे रचलेले आणि खुर्ची पुढच्या खोलीत, काउंटरमागे. दादा म्हणाला, "आता इथं निवांत बस. येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोल. तुला बोलायला आवडतंच." बोलायला मला आवडतं हे खरं, पण हातात कोरणी असताना. मी खुर्ची उचलली आणि परत आत नेली. नेताना ती दाराच्या चौकटीवर आपटली, कारण डावीकडचं आता मला दिसत नाही. दादानं ते पाहिलं आणि चौकटीवरून नुसता हात फिरवला. तो बोलत नाही तेव्हा मला जास्त राग येतो.

आमचं काम चेहऱ्यांचं. कोणाच्या आठवणीसाठी भिंतीवर ताटाएवढी धातूची तबकडी लावतात आणि तिच्यावर त्या माणसाचा चेहरा उठावात असतो, ती आम्ही बनवतो. चेहरा आधी प्लॅस्टरच्या लादीत उलटा कोरायचा, म्हणजे आत, खोलगट. नाक सगळ्यात खोल, कान अगदी वरच्यावर. हा झाला साचा. त्यातून ठसा काढला की जे खोल ते उंच होऊन बाहेर येतं. कोरायचं मी आणि ओतायचं दादानं, ही वाटणी बाबांनी लावून दिली. बाबा गेल्यावरही ती मोडायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

"खोली कळायला दोन डोळे लागतात," दादा म्हणाला. "मी नाही म्हणत, डॉक्टर म्हणाले."

डॉक्टरांचं खरंच होतं. चहा कपात ओतायला गेले तर बशीत पडायचा. जिन्याची शेवटची पायरी संपली तरी पाय आणखी एक पायरी शोधायचा. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन म्हणतात. माझ्या बाबतीत देवानं हिशेब उलटा केला. पण जिन्यावरून पडणं वेगळं आणि टेबलावरून उठणं वेगळं. टेबलावरून मी उठणार नव्हते.

वहिनीनं मग मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, की दादानं परगावच्या एका कारागिराला बोलावलंय. सोमवारी येऊन टेबल बघणार आणि पसंत पडलं तर राहणार. "मी सांगितलं म्हणू नका," असं ती म्हणाली, म्हणून मी लगेच कारखान्यात जाऊन दादाला म्हणाले, "वहिनीनं सगळं सांगितलंय."

दादा ओशाळला. तो वाईट नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं, एकदा कडाकडा भांडून मोकळी झाले असते. "तू माझी बहीण आहेस म्हणून," तो म्हणाला. "तुझ्या हातून एखादा चेहरा बिघडला आणि लोक हसले, तर ते मला बघवणार नाही."

"आता हातात कोणता चेहरा आहे?"

"नर्सबाईंचा."

"तो मी करते. बिघडला तर तुझ्या कारागिरासाठी टेबल मी स्वतः पुसून देईन."

नर्सबाई म्हणजे प्रसूतिगृहातल्या जुन्या परिचारिका. निम्म्या गावाला पहिली अंघोळ त्यांनी घातली होती. तबकडी त्याच प्रसूतिगृहाच्या दारावर लागायची होती. त्यांच्या मुलीनं एकच फोटो आणून दिला होता, खिडकीशेजारी बसून काढलेला, कडा पिवळ्या पडलेला. "फोटो जुना आहे, डाग पडलेत," ती म्हणाली होती. "तेवढे सांभाळून घ्या." धातूत ओतण्याआधी मातीचा ठसा दाखवून होकार घ्यायची आमची पद्धत आहे. तो बघायला ती रविवारी येणार होती. म्हणजे रविवारी ती आणि सोमवारी तो.

मी रंगाचे डबे खाली ठेवले, टेबल खिडकीपाशी ओढलं आणि कामाला लागले. साचा उलटा असतो म्हणून फोटो आरशात बघून कोरायचा असतो. आरसा लावला. दिवा बाबांच्या वेळेपासून डोक्यावर, डावीकडे असायचा. आता डावीकडे डोळाच नव्हता, म्हणून तो मी काढून उजवीकडे, टेबलाच्या काठाशी, अगदी खाली आणून ठेवला. चांगल्या डोळ्याजवळ उजेड बरा, असा साधा विचार. त्या साध्या विचारानं माझी शोभा केली.

काम इतकं सुरळीत चाललं की मला स्वतःचाच अभिमान वाटायला लागला. गाल आले, कपाळ आलं. नाक मात्र जरा मोठं वाटत होतं. मी ते थोडं तासलं. अजून मोठंच वाटलं. आणखी तासलं. नाक कापलं की अब्रू जाते असं ऐकलं होतं. हे नाक कापावं तसं वाढतच होतं. मी दात आवळून कोरणी लावत राहिले. तिकडे नाक मोठं आणि इकडे माझं डोकं गरम.

मधे ठसा घेऊन बघायला हवा होता असं कोणी म्हणेल. बाबांची शिस्त होती की ठसा शेवटीच घ्यायचा. पुन्हा पुन्हा माती दाबली की प्लॅस्टरच्या कडा झिजतात आणि चेहरा भोंगळ होतो. त्यामुळे मी सगळं संपवून, लादी झटकून, दादाला आणि वहिनीला बोलावून, ऐटीत माती दाबली आणि उचलली.

नर्सबाईंना पोपटाची चोच आली होती.

वहिनीला हसू आवरेना. तिनं पदर तोंडाला लावला तरी खांदे हलत होते. तिच्यावर मी रागावले नाही, कारण दुसऱ्या कोणी केलं असतं तर मीही जमिनीवर लोळून हसले असते. पण दादा हसला नाही. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला, दोनदा थोपटलं आणि बाहेर गेला. ते थोपटणं मला चोचीपेक्षा जास्त लागलं. मी तिथंच बसून रडले. तोंडानं मात्र शिव्याच देत होते, डोळ्याला, प्लॅस्टरला, दिव्याला, जे समोर दिसेल त्याला.

वहिनी चहा घेऊन परत आली. कप ठेवायला जागा नव्हती म्हणून तिनं दिवा उचलला आणि वर धरला.

आणि समोरचा चेहरा आत गेला.

मी ओरडले, "थांब! हलू नकोस!" वहिनी कप आणि दिवा दोन्ही घेऊन पुतळ्यासारखी उभी राहिली. लादीत आता खड्डा दिसत होता, नाकाच्या जागी खोल खड्डा. "आता दिवा खाली आण." तिनं आणला. खड्डा फुगला आणि चेहरा होऊन बाहेर आला. वर, आत. खाली, बाहेर. लादी जागची हलली नव्हती.

"तुला दिसतंय का?" मी विचारलं.

"काय दिसायचंय? खड्डा आहे."

"एक डोळा झाक."

तिनं झाकला. दिवा खालीच होता. "अगं बाई!" म्हणाली आणि चहा सांडला.

मग मला सगळं लख्ख कळलं. आपला डोळा जन्मापासून एक गोष्ट धरून चालतो, की उजेड वरून येतो. सूर्य वर, दिवा वर. त्यामुळे ज्याची वरची बाजू उजळ ते उंच, ज्याची वरची बाजू काळी ते खोल, असा त्याचा ठरलेला निवाडा. दिवा खाली ठेवला की खड्ड्याची वरची भिंत उजळते आणि डोळा बिनदिक्कत सांगतो, हे उंच आहे. दोन डोळे असले की ते एकमेकांना टोकतात, अरे, हा खड्डा आहे. माझ्या उरलेल्या डोळ्याला टोकणारं कोणी नव्हतं. त्यात समोर चेहरा, आणि आत गेलेला चेहरा कोणी जन्मात पाहिलेला नसतो. म्हणून नाक मला उंच दिसत होतं. उंच नाक लहान करायला मी तासत होते, आणि साच्यात तासणं म्हणजे आणखी खोल करणं, म्हणजे ठशात आणखी उंच. बोट लावलं असतं तर कळलं असतं. पण समोर धडधडीत दिसणारं नाक आत आहे की बाहेर, हे बोटानं तपासायला कोण जातं?

"मग दिवा वर बांधून टाका," वहिनी म्हणाली. तिला वाटलं, प्रश्न सुटला.

मीही आधी तेच केलं. दिवा बाबांच्या जुन्या खिळ्याला टांगला. थोडा वेळ खड्डा खड्डा राहिला. पण एकटा डोळा हट्टी असतो, चेहरा ओळखला की तो पुन्हा उचलून धरायचा. कधी आत, कधी बाहेर. अशा उड्या मारणाऱ्या नाकावर कोरणी चालवायची म्हणजे काम तमामच. मी विचार केला, हा डोळा जर बाहेरच बघायचा म्हणतोय, तर बघू दे. त्याला कायमचं बाहेरच दाखवू. हाताला शिकवू.

मी दिवा काढला आणि पुन्हा खाली आणला. पण या वेळी नीट विचार करून. फोटोतला खिडकीचा उजेड आरशात वरून उजवीकडून येताना दिसत होता. साच्यातली सावली तशीच पडायला दिवा बरोबर विरुद्ध बाजूला, खाली डावीकडे हवा. तिथं ठेवला. लादीतला चेहरा बाहेर आला आणि त्याच्यावरची सावली थेट आरशातल्या फोटोसारखी पडली. आता मला खोली मोजायचीच नव्हती. सावलीशी सावली जुळवायची होती.

दादा आत आला तेव्हा मी नवी लादी घासत होते. "कशाला जिवाला त्रास करून घेतेस?" तो म्हणाला.

मी फोटो त्याच्यापुढे धरला. "यात नाक पुढे आलंय की नाही?"

"आलंय."

"हात लाव."

"कागद आहे गं."

"कागद सपाट, मग नाक पुढे आलं कुठून? एक डोळा झाक. गेलं का आत?"

त्यानं झाकला, उघडला, परत झाकला. "नाही."

"सावलीवरून दिसतं ते. त्याला एक डोळा पुरतो. कॅमेऱ्याला तरी कुठे दोन असतात?"

"बघणं वेगळं आणि कोरणं वेगळं."

"म्हणूनच हात शिकवतेय. तू जा, भट्टी बघ."

हात शिकवणं सोपं नव्हतं. वाया गेलेल्या लादीच्या मागच्या बाजूवर मी आधी नुसते ओठ कोरले, मग नुसते कान. नियम एकच. जे मोठं करायचं ते काप. जे लहान करायचं त्याला हात लावू नकोस, फार झालं तर ओलं प्लॅस्टर भर. सांगायला एवढंसं. पण डोळा म्हणायचा, हा ओठ जाड आहे, तास, आणि हात निघायचाही. मी स्वतःच्याच मनगटावर चापट मारायची. वहिनी म्हणाली, "एकट्याच मारामारी करताय, कोणी बघितलं तर काय म्हणेल?" मी म्हटलं, "म्हणू दे, जिंकणार मीच आहे." आणि हळूहळू हात ऐकायला लागला. डोळा एक सांगायचा, हात बरोबर त्याच्या उलट करायचा, आणि भांडण कमी व्हायला लागलं. मुरलेल्या नवराबायकोसारखं.

मग खरी लादी घेतली. नाक जपून आणलं. गाल, हनुवटी, मानेवरची घडी. शेवटी कपाळ आणि तिथं अडले.

डाव्या भुवईच्या वर फोटोत वाटाण्याएवढी एक खूण होती.

"डाग आहे," दादा म्हणाला. "मुलीनं सांगितलंय ना, डाग सांभाळून घ्या म्हणून. कपाळ गुळगुळीत कर."

"डाग हा इथला." मी गालावरचा तपकिरी ओघळ दाखवला. "हा गालावरून खांद्यावर गेलाय. सगळीकडे सारखा तपकिरी. आता भुवईवरचं बघ. याची खिडकीकडची बाजू उजळ आणि पलीकडची गडद. नाकाचं तसंच, हनुवटीचं तसंच. डागाला काय माहीत खिडकी कुठे आहे?"

"मग खड्डा असेल. देवीचा व्रण."

"खड्डा असता तर खिडकीकडची बाजू गडद असती. हे वर आलेलं आहे. आवाळू."

दादानं फोटो उजेडाला नेला, आणला, तिरका धरला. "आणि डागच निघाला तर? कोणाच्या गेलेल्या आईच्या कपाळावर तू गाठ उठवणार? चोच परवडली. चोचीचं हसू घरातल्या घरात झालं आणि संपलं."

"मुलीला विचारू या का?" वहिनीनं दारातून विचारलं.

"नाही," दादा आणि मी एकदम म्हणालो. हीही बाबांची शिस्त. घरच्यांना चेहऱ्याबद्दल विचारायचं नाही. एकदा एका हेडमास्तरांच्या मिशीबद्दल बाबांनी चौकशी केली, तर तीन मुलगे तीन मिशा घेऊन आले, आणि तबकडी राहिली बाजूला, भावाभावांत बोलणं बंद झालं. आठवण ज्याची त्याची असते. आपण फोटोला विचारायचं.

"मी फोटोला विचारलंय," मी म्हणाले. "त्यानं सांगितलंय."

"हट्ट आहे हा तुझा."

"आहे. गाठ चुकली तर रविवारीच टेबलावरून उठते. सोमवारपर्यंत थांबत नाही."

दादा निघून गेला. खरं सांगते, मला भीती वाटली. कपाळ गुळगुळीत ठेवलं असतं तर कोणी काही म्हणालं नसतं. नसलेल्या गाठीबद्दल कोण तक्रार करतं? खुर्ची वाचली असती. पण जे मला स्वच्छ दिसत होतं तेच गिळायचं, तर मग डोळा एक असो की दोन, काय उपयोग? मी कोरणी घेतली आणि भुवईच्या वर, डोळा "वाढव" म्हणत होता तिथं, एक लहानशी खळगी केली. तिच्या एका बाजूला उजेड बसला, दुसऱ्या बाजूला सावली. आरशातल्या फोटोकडे बघितलं. जुळलं. कोरणी खाली ठेवली.

रविवारी मुलगी आली. मुलगी म्हणजे तिचेही केस पांढरे झालेले. दादानं ठसा स्वतः काढला, ओल्या फडक्यानं झाकून पुढच्या खोलीत काउंटरवर आणून ठेवला आणि माझ्याकडे न बघता फडकं उचललं.

ती ठशावर वाकली. तिची नजर हनुवटीवरून नाकावर गेली, नाकावरून कपाळावर, आणि तिथं थांबली. तिनं दादाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

दादानं मान खाली घातली. मी म्हणाले, "कोणी नाही. फोटोत आहे."

"फोटोत तर कळतसुद्धा नाही. मीच विसरले होते." ती आणखी खाली वाकली. "आईचं आवाळू. मी लहान असताना यावर बोट ठेवल्याशिवाय मला झोप लागायची नाही. ती ड्युटीवरून दमून यायची, तरी कपाळ पुढे करायची."

बोलता बोलता तिनं हात पुढे केला आणि बोट ठेवलं. माती ओली होती. बोट उचललं तर आवाळू चपटं झालेलं, त्यावर तिच्या बोटाच्या रेषा. ती घाबरली. "अरे देवा! मी बिघडवलं! आता?"

"काही बिघडलं नाही," दादा म्हणाला. "साचा आहे. दुसरा ठसा काढतो. हवे तेवढे काढतो." बाबांची शिस्त मोडायला निघालेला दादा मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. "हा तुम्ही घरी न्या. असाच."

तिनं तो दोन्ही हातांनी उचलला. वहिनीनं पेटीत जुनी चादर घातली, ठसा नीट ठेवला आणि तिला रस्त्यापर्यंत सोडायला गेली. दादा माती मळून आत गेला. बराच वेळ झाला तरी बाहेर येईना, म्हणून मी उठून कारखान्यात डोकावले.

माती टेबलाच्या कोपऱ्यावर तशीच पडली होती. खाली डावीकडे दिवा लागलेला होता. दादा माझ्या खुर्चीत बसला होता, डावा डोळा तळहातानं झाकून, आणि साच्यासमोर डोकं इकडून तिकडे हलवत होता. लहान मुलासारखा.

"वळतात गं नर्सबाई," तो म्हणाला. "मी सरकलो की माझ्याकडे वळून बघतात."

"माहितीये. मी रोज बघते."

तो परत एकदा सरकून बघायला लागला. हात डोळ्यावरच होता. "त्या कारागिराला काय सांगू?"

"सांग, जागा रिकामी नाही," मी म्हणाले. "आणि ऊठ आता. माझी खुर्ची आहे ती."